पालीचे शिवार आणि चार फूटपट्ट्या

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर दहाएक किलोमीटर गेले की पाली लागते. बालाघाटच्या डोंगरातून उतरणारी बिंदुसरा नदी इथे मातीच्या धरणाने अडवली आहे. धरण, महामार्ग आणि शेती एकाच गावाच्या शिवारात आली की त्या गावाचे नकाशेही पुष्कळ होतात. गावाचा महसुली नकाशा असतो, भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट असते, बुडीत क्षेत्राचा नकाशा असतो, रस्त्यासाठी घ्यायच्या जमिनीचा असतो, आणि आता उपग्रहाने टिपलेले चित्रही असते. जमीन एकच. तेव्हा हे सारे नकाशे एकावर एक ठेवले तर ते जुळायला हवेत.

ते जुळत नाहीत. फरक कधी दोन-चार मीटरचा असतो, कधी जवळजवळ दीडशे मीटरचा. दीडशे मीटर म्हणजे चौपदरी महामार्गाच्या संपूर्ण पट्ट्याहून अधिक. कागदावरचा रस्ता एवढा सरकला तर तो एकाच्या विहिरीवरून उठून दुसऱ्याच्या उसात जाऊन बसतो, आणि मोबदल्याच्या यादीतले नावही बदलते.

अशा वेळी दोष बहुधा जुन्या मोजणीदारांवर जातो: साखळ्या ढिल्या धरल्या, घाईने कागद रंगवले, वगैरे. आमचे मत वेगळे आहे. जुन्या लोकांनी बहुतेक ठिकाणी मोजले चांगलेच. कोणत्या फुटाने मोजले, पृथ्वीचा कोणता आकार धरला आणि तो कागदावर कसा पसरला, हे मात्र पुढच्यांनी लिहून ठेवले नाही, किंवा लिहिलेले वाचले नाही. पालीच्या जमिनीवर अशा निदान चार फूटपट्ट्या एकामागून एक येऊन गेल्या आहेत. त्या क्रमाने पाहू.

पहिली फूटपट्टी साखळीची. मुंबई इलाख्यात प्रिंगलने १८२८ च्या सुमारास जमीनमोजणी सुरू केली, पण ती फसली. मोजणीत चुका होत्या आणि आकारणी जड होती. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले. त्यांच्या पद्धतीला १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के रूप आले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे दिवाण सालारजंग यांच्या काळात, १८७५ च्या सुमारास भूमापनाचे खाते उभे राहिले आणि त्याने मुंबईचीच पद्धत उचलली.

ही साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हिशेब इतका सोपा की शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही तो बोटांवर करू शके. साखळीचे १६ भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला रुपयाप्रमाणेच ‘आणा’ म्हणत. लांबीचा एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. गंमत अशी, की गुंठ्याच्या सोळाव्या भागालाही आणाच म्हणत. म्हणजे एका रकान्यातला आणा लांबीचा आणि शेजारच्या रकान्यातला क्षेत्रफळाचा! मोजणाऱ्याला हा भेद तोंडपाठ होता. शंभर वर्षांनी कागद उघडणाऱ्याला तो असेलच असे नाही.

शेतात एक सरळ रेषा धरायची, तिच्यावरून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत शंकूच्या साहाय्याने लंब टाकायचे आणि आकडे टिपणात उतरवायचे. शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पडतात आणि क्षेत्रफळ निघते. आठवीच्या भूमितीत यापेक्षा वेगळे काही नाही. टिपणांवरून गावाचा नकाशा काढला जाई. एका इंचाला वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, अर्थात १ : ७,९२० हे प्रमाण.

या नकाशात अक्षांश नाहीत, रेखांश नाहीत. गाव जणू सपाट पाटावर मांडले आहे आणि पाट पृथ्वीवर कुठे ठेवायचा ते सांगितलेलेच नाही. सारावसुलीसाठी त्याची गरजही नव्हती. हा पाट पृथ्वीवर बसवायचा प्रसंग पुढे आला, आणि दुसरी फूटपट्टी आली.

खरे तर ती आधीच देशात पोहोचली होती. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले त्रिकोणमापन ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेले. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. १८४१ मध्ये बीदरजवळ एक आधाररेषा मोजली गेली. बीदर निजामाच्याच राज्यातले, बीडपासून तसे फार दूर नाही. आधाररेषा एकदाच, पण डोळ्यात तेल घालून मोजायची. नंतर फक्त कोन मोजत डोंगरामागून डोंगर जोडत जायचे. मग लांबी त्रिकोणमितीने मिळत जाते.

या साऱ्या लांब्यांच्या मुळाशी दहा फुटी धातूची एक प्रमाण पट्टी होती. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो चपटा गोल गणितासाठी ठरवला, त्याची विषुववृत्तावरची त्रिज्या २,०९,२२,९३१.८० फूट. आता प्रश्न असा, की हे फूट कोणते? इंग्लंडातली यार्डाची प्रमाण पट्टी १८३४ मध्ये पार्लमेंटच्या इमारतीला लागलेल्या आगीत निकामी झाली आणि नवी घडवावी लागली. पुढे १८६० च्या दशकात ए. आर. क्लार्क यांनी तुलना केली तेव्हा भारतीय फूट हे ब्रिटिश फुटाच्या ०.९९९९९५६६ पट निघाले. मैलामागे सात मिलिमीटरची तूट. बांधाच्या वादात एवढ्याला कोण विचारतो? पण पृथ्वीच्या त्रिज्येत हीच तूट सत्तावीस मीटरच्या पुढे जाते.

फुटाचे मीटर करतानाही एकमत नव्हते. १९३७ च्या समायोजनात भारतीय फूट ०.३०४७९८४१ मीटर धरले गेले. मेट्रिक पद्धत आल्यानंतर भारतात ०.३०४७९९५ हा आकडा रूढ झाला. जगभर वापरतात ते आंतरराष्ट्रीय फूट, १९५९ पासूनचे, बरोबर ०.३०४८ मीटर. सहाव्या दशांशस्थळावरची ही भांडणे वाचून हसू येईल. थोडे थांबा, पुढच्या फूटपट्टीत ती पालीच्या शिवारात उतरतात.

तिसरी फूटपट्टी जाळीची. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर काहीतरी ताणावे लागते किंवा दाबावे लागते. संत्र्याची साल टेबलावर पसरून पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या टोपोशीटांसाठी बहुशंकू प्रक्षेपण वापरले गेले. त्यात प्रत्येक पत्रक आपापल्या मध्य रेखावृत्ताभोवती स्वतंत्रपणे पसरलेले असते. पाली येते त्या ४७ एन या अंशपत्रकातली दोन शेजारी पत्रके कडेला कड लावून नीट बसतात, पण चार पत्रके एका कोपऱ्याशी जोडू गेलो की बारीक फट राहते.

सैन्याला फट चालत नव्हती. तोफेचा पल्ला मोजताना पत्रक बदलले म्हणून गणित बदलून कसे चालेल? त्या गरजेतून देशाचे मोठाले पट्टे पाडून लॅम्बर्टच्या शंक्वाकार प्रक्षेपणावर यार्डांची जाळी आखली गेली. बीड जिल्हा त्यातल्या तीन-अ या पट्ट्यात येतो. या पट्ट्याचा आरंभबिंदू १९ अंश उत्तर अक्षांश आणि ८० अंश पूर्व रेखांश. कोणत्याही ठिकाणाचा आकडा ऋण येऊ नये म्हणून आरंभबिंदूलाच पूर्वेकडे ३० लाख यार्ड आणि उत्तरेकडे १० लाख यार्ड असे कृत्रिम मूल्य दिले.

आता मघाची भांडणे आठवा. ३० लाख यार्ड म्हणजे ९० लाख फूट. १९३७ च्या फुटाने त्याचे २७,४३,१८५.६९ मीटर होतात; नंतरच्या भारतीय फुटाने २७,४३,१९५.५०, आणि संगणकात आयतेच असलेले आंतरराष्ट्रीय फूट घेतले तर २७,४३,२००. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात चौदा मीटरहून अधिक अंतर पडले. कोणी शेतात पाऊल टाकलेले नाही, साखळी उचललेली नाही, तरी सगळे गाव चौदा मीटर पूर्वेला सरकले! सहावे दशांशस्थळ ९० लाखांनी गुणले गेले, एवढेच घडले.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक रंजक वाटते. शंक्वाकार प्रक्षेपणात चूक सगळीकडे सारखी नसते. तीन-अ पट्ट्यात साधारण १६ आणि २२ अंश अक्षांशांच्या आसपास कागदावरचे अंतर जमिनीइतकेच असते. मधल्या भागात ते आकसते, आणि सर्वांत जास्त आकसते ते नेमके १९ अंशांवर. तिथले प्रमाण ०.९९८७८६. बीड शहर या १९ अंशांच्या रेषेला जवळजवळ टेकून आहे आणि पाली तिच्या थोडे दक्षिणेस. म्हणजे तीन-अ पट्ट्याची कमाल चूक ज्यांच्या वाट्याला आली, त्यात पालीकर आहेत. तिथे जमिनीवरचा एक किलोमीटर जाळीवर ९९८.८ मीटर भरतो. क्षेत्रफळ मोजताना ही तूट दुप्पट होते. शंभर एकरांमागे सुमारे पावणेदहा गुंठे नुसते कागदात विरतात. कोल्हापूरला किंवा नागपूरला हाच फरक निम्म्याहून कमी पडतो. जाळीवरच्या आकड्यांवरून सरळ क्षेत्रफळ काढून सातबाऱ्याशी ताडून पाहणारा माणूस इथे हमखास बुचकळ्यात पडेल आणि सातबारा फुगवलेला आहे असा निष्कर्षही काढील.

शिवाय जाळीची उत्तर ही खरी उत्तर नव्हे. पाली ८० अंश रेखांशापासून बरीच पश्चिमेला असल्याने दोन्हींत सुमारे १.४ अंशांचा कोन पडतो.

चौथी फूटपट्टी आकाशातून आली. उपग्रहांवरून स्थान सांगणारी जीपीएस यंत्रणा पृथ्वीचा वेगळाच चपटा गोल धरते. एव्हरेस्टचा गोल मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या बिंदूवर बसवलेला, भारतापुरता नीट चिकटणारा. त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानमध्याशी जुळत नाही, जुळावा असा आग्रहही नव्हता. उपग्रह मात्र वस्तुमानमध्याभोवतीच फिरतात, त्यामुळे त्यांचा गोल तिथेच बसवावा लागतो. दोन्ही मध्यांमधले अंतर तीन दिशांना २९५, ७३६ आणि २५७ मीटर, असे सरासरी आकडे अमेरिकी संरक्षण खात्याच्या नकाशा संस्थेने भारत व नेपाळसाठी प्रसिद्ध केले होते.

हे आकडे घेऊन आम्ही बीड-पाली परिसरासाठी हिशेब केला. जुन्या टोपोशीटवर वाचलेले अक्षांश-रेखांश आणि त्याच दगडावर जीपीएसने दाखवलेले अक्षांश-रेखांश यांत उत्तर-दक्षिण सुमारे १०० मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५ मीटर फरक पडतो. तिरके अंतर १४५ मीटर. जीपीएसचा अक्षांश मोठा येतो, रेखांश लहान. सुरुवातीला उल्लेख केलेले दीडशे मीटर ते हेच. दगड जागचा हललेला नसतो. त्याला दोन वेगळ्या गोलांवरचे दोन पत्ते मिळालेले असतात.

हा फरक बराच काळ लोकांच्या नजरेत भरला नाही याचे एक कारण आहे. अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या जीपीएसच्या संकेतात मे २००० पर्यंत मुद्दाम गोंधळ मिसळलेला असे, आणि त्यामुळे शंभर मीटरपर्यंतची चूक नेहमीचीच होती. तो गोंधळ काढल्यावर हातातले यंत्र दहा-पंधरा मीटरांपर्यंत खरे बोलू लागले, आणि मग टोपोशीट खोटी वाटू लागली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठीच्या नकाशांची नवी मालिका जीपीएसच्याच गोलावर आणि मीटरांच्या नव्या जाळीवर काढायला घेतली. पाली त्या जाळीच्या ४३ व्या पट्ट्यात, ७५ अंश रेखांशाच्या जवळ येते. तिथे जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून पाव अंशानेच ढळते, पण उलट बाजूला. म्हणजे जुनी आणि नवी जाळी एकमेकींशी १.६ अंशांहून थोडा अधिक कोन करतात. जुना नकाशा न फिरवता नुसता सरकवून बसवला तर एका टोकाशी जुळलेला असताना तीन किलोमीटरवर ऐंशी-पंच्याऐंशी मीटर चुकतो.

आता दुरुस्तीकडे वळू. संगणकावर एक सोपा आणि म्हणूनच धोक्याचा मार्ग असतो: नकाशा रबराचा आहे असे समजून चार-सहा ठिकाणी टाचण्या टोचायच्या आणि बाकीचा भाग ताणून बसवायचा. चित्र सुंदर जुळते. पण कोणाचे शेत कुठे फुगले आणि कुठे चेपले याचा पत्ता राहत नाही, आणि चूक का होती हे कळायचा मार्गही बंद होतो.

आधी कमीत कमी ताण द्यावा. नकाशाला फक्त चार गोष्टींची मोकळीक द्यायची: पूर्वेकडे सरकणे, उत्तरेकडे सरकणे, फिरणे आणि एकाच पटीत लहान-मोठे होणे. चार अज्ञातांसाठी दोन बिंदू पुरतात, कारण प्रत्येक बिंदू दोन समीकरणे देतो. तिसरा, चौथा, दहावा बिंदू साक्षीदार म्हणून घ्यायचा आणि न्यूनतम वर्गांच्या पद्धतीने सर्वांशी कमीत कमी विसंगत असे उत्तर काढायचे. बिंदू म्हणून सर्वांत विश्वासाचे ते तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड. तिथे तिन्ही गावांनी एकमेकांवर नजर ठेवलेली असते.

मग आलेले उत्तर नाडीपरीक्षेसारखे वाचायचे. पट ०.९१४४ निघाला तर कोणीतरी यार्डांना मीटर समजले आहे. १.२६ च्या आसपास निघाला तर १ : ७,९२० चा नकाशा १ : १०,००० चा मानला गेला आहे. ०.९९८८ निघाला आणि सोबत १.४ अंशांचे वळण असेल तर जुनी लॅम्बर्टची जाळी ओळखावी. पट एक, वळण शून्य आणि सरकणे १४५ मीटर असेल तर गोल बदलला आहे. लांब्या सगळ्या जुळतात पण क्षेत्रफळात सव्वा टक्क्याची तूट येते? मग कोणीतरी गुंठ्याला आर समजून लिहिले आहे. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर, वीस एकरांत नऊ आरांहून अधिक जमीन अशीच जाते.

नुसत्या लिखाणातून होणारी एक चूक वर्गात करून पाहण्याजोगी आहे. जुन्या कागदावर ५-२० म्हणजे पाच एकर वीस गुंठे, अर्थात साडेपाच एकर. तेच संगणकात ५.२० असे शिरले की बारा गुंठे गळाले. हेक्टर-आरमध्ये असा घोटाळा होत नाही, कारण शंभर आरांचा हेक्टर असतो. चाळीस गुंठ्यांच्या एकराला दशांशचिन्ह लावता येत नाही, हे मुले एकदा स्वतः फसली की विसरत नाहीत.

रोग कळला तरी औषधाची दिशा चुकू शकते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथे पूल बांधताना दोन्ही देशांच्या समुद्रसपाटीत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते. त्यांनी तो हिशेबात घेतलाही, पण उलट चिन्हाने. २००३ मध्ये लक्षात आले की दोन टोकांत ५४ सेंटिमीटरचा फरक पडतो आहे. पालीत तेच केले तर १४५ मीटरची चूक २९० मीटरची होईल. म्हणून दुरुस्ती झाल्यावर एखादा माहीत असलेला बिंदू, धरणाच्या भिंतीचे टोक म्हणा, हटकून ताडून पाहावा.

इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. वर दिलेल्या २९५, ७३६, २५७ या आकड्यांतच दहा-पंधरा मीटरांची अनिश्चितता आहे. गाव कुठे आहे हे त्यांवरून कळेल, बांध कुठे आहे हे कळणार नाही. त्यासाठी जमिनीवरचे दगडच शोधावे लागतात आणि त्यांवर अचूक उपग्रह-यंत्र उभे करावे लागते. जुना कागदही फसवा असतो. तो आडव्या आणि उभ्या दिशेने सारखा आकसत नाही आणि हा आकस लॅम्बर्टच्या सव्वा मीटराला सहज गिळतो. म्हणून शक्य तिथे नकाशाचे चित्र न घेता टिपणातले मूळ आकडे घ्यावेत. कागद आकसला तरी त्यावर लिहिलेले ‘सात साखळ्या चार आणे’ आकसत नाहीत. टिपण तपासून नव्याने नकाशा आखणे वेळखाऊ आहे, पण चित्र ताणण्यापेक्षा ते कितीतरी सरळ काम आहे.

बुडीत क्षेत्रात गेलेल्या शेतांच्या बाबतीत तर दुसरा उपायच नाही. तिथले बांध पाण्याने आणि गाळाने पुसले जातात. जीपीएस घेऊन उभे राहायला दगड सापडेलच असे नाही. पण शेजारच्या कोरड्या शेतांची टिपणे साखळीने एकमेकांना जोडलेली असतात. काठावरचे दोन-तीन दगड पक्के मिळाले की तिथून साखळ्या आणि आणे मोजत, ३३ फुटांना १०.०५८ मीटर धरून, पाण्याखालच्या शेताचे कोपरे एकेक करून कागदावर परत उभे करता येतात.